तपासणीपुरतं एक प्रकरण

"तुम्हाला दिसतं ना?" अहिररावांनी विचारलं.

"हो."

"चांगलं?"

"चष्मा आहे. पण दिसतं."

"मग अवघड आहे," ते म्हणाले.

नाशिकमधल्या त्या संस्थेत अंधांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात आणि वेबसाइटवर ठेवतात. म्हणायचं ग्रंथालय, पण दोन खोल्यांत मिळून कपाट एकच. बाकी संगणक, वायरी आणि भिंतींना जाड फोम लावलेली एक बारीकशी खोली. प्रल्हाद अहिरराव तिथले ग्रंथपाल. पन्नाशीचे, जन्मापासून अंध, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. माझी आई, शालिनी भामरे, आठवड्यातून दोनदा त्या बारीक खोलीत बसून वाचायची. आयुष्यभर ती धुळ्याला टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. बाबा गेल्यावर नाशिकला आली आणि हे काम तिने शोधून काढलं.

आई जाऊन तेव्हा चार महिने होत आले होते आणि तिचा आवाज माझ्याकडे कुठेच नव्हता.

लोकांना याचं आश्चर्य वाटतं. पण आई व्हॉट्सअॅपवर टाइप करायची, तेही पूर्णविरामांसकट. बोललेले मेसेज पाठवायला तिला आवडायचं नाही. "समोर कुणी नसताना काय बोलायचं," म्हणायची. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत ती आहे, कुणाला तरी हात हलवून काही सांगते आहे, आणि व्हिडिओवाल्याने त्या सगळ्यावर सनई चढवलेली आहे. राहता राहिली ती ही वेबसाइट. बेंगळुरूहून मी तिच्यावर सभासद व्हायला गेले. नाव, पत्ता, फोन नंबर सगळं घेतलं आणि शेवटी अंधत्वाचा दाखला मागितला. म्हणून बाळाला सासूबाईंपाशी ठेवून मी नाशिकला आले होते.

"काही अपवाद करता येत नाही का?"

"आम्हीच अपवाद आहोत, ताई. एरवी लेखकाच्या परवानगीशिवाय त्याचं पुस्तक असं वाचून ठेवता येत नाही. आम्हाला कायद्याने सूट दिलीय, कारण आमच्या ऐकणाऱ्याला छापलेलं वाचता येत नाही. ऐकणारा डोळस निघाला की आमची सूट संपली."

"मी कुठे टाकणार नाही. एका पेन ड्राइव्हवर द्या. माझ्यापुरतं."

"आमच्या एका सभासदाने मागे मावशीला दिलं होतं. तिच्यापुरतं. मावशीने भाच्याला दिलं, त्याच्यापुरतं. भाच्याने त्याला धबधब्यांची चित्रं जोडून यूट्यूबवर चढवलं. प्रकाशकाची नोटीस आली, आमची साइट बंद ठेवावी लागली. ऐन परीक्षेच्या तोंडावर. मुलांचे फोन यायचे, सर, इतिहासाचं पुस्तक उघडत नाहीये. काय सांगायचं मी त्यांना?"

ते रागावून बोलत नव्हते. त्यामुळे भांडताही येईना.

"पण आवाज तर आईचा आहे," मी म्हटलं.

"आवाज त्यांचा, शब्द लेखकाचे. दोन्ही वेगळे काढून देता आले असते तर आत्ता दिले असते."

मग तेच म्हणाले, "हयात असलेल्या एखाद्या लेखकाची लेखी परवानगी आणा. तेवढं एक पुस्तक मी देईन."

आईने वाचलेल्या पुस्तकांची नावं त्यांना तोंडपाठ होती. एकेक नाव घेत ते कारण सांगत गेले. हे लेखक वारले, मुलांचं आपसात कोर्ट चालू आहे. हे प्रकाशन बुडालं, हक्क कुणाकडे गेले कुणालाच ठाऊक नाही. या बाई अमेरिकेत, पत्राला उत्तर देत नाहीत.

"आणि शेवटचं?"

"शेवटचं वत्सला खांबेटेंचं. 'हजार विड्या'. त्या इथेच असतात, गंगापूर रोडला. पण दुसरं एखादं मिळालं तर बघा. मी अमेरिकेला पुन्हा एक पत्र टाकतो हवं तर."

इथेच, रिक्षाच्या अंतरावर असलेली लेखिका सोडून हा माणूस मला अमेरिकेच्या पत्राची वाट का बघायला सांगतोय, हे मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. पत्ता घेतला आणि निघाले.

वत्सलाबाईंनी स्वतःच दार उघडलं. ऐंशीच्या आसपासच्या, ठेंगण्या, केस कापलेले. ताटात मटार सोलत बसल्या होत्या. मी कोण, कशासाठी आले ते सगळं त्यांनी ऐकून घेतलं आणि ताट माझ्यापुढे सरकवलं.

"सोल. बोलताना हात चालू असले की रडू येत नाही."

"मी रडत नाहीये, मॅडम."

"मॅडम नको. मी काही बँकेत नाही बसलेय. तुझ्या आईने माझं पुस्तक वाचलंय, हे मला कुणी कळवलंही नाही बघ."

"त्यांना कळवावं लागत नाही. कायद्याने—"

"माहितीय गं. तक्रार नाही करत. उलट बरं वाटलं." त्यांनी एक शेंग उकलली, आतले दाणे किडके निघाले, ती बाजूला टाकली. "परवानगी दिली असती. पण माझ्याकडे ती उरलेलीच नाही."

"म्हणजे?"

"ध्वनिहक्क देऊन बसलेय. मुंबईची एक कंपनी आहे, त्यांचं ते अॅप असतं ना, पैसे भरून पुस्तकं ऐकायची. सहा वर्षं माझ्या पुस्तकाचा आवाज त्यांचा. आता मी घरात बसून मोठ्याने वाचलं आणि ते टेप करून बहिणीला पाठवलं, तरी मी चोर."

"तुमच्याच पुस्तकाची?"

"माझ्याच पुस्तकाची. सही करताना चष्मा लावला होता, तरी दिसलं नाही. तो पोरगा म्हणाला, आजी, लाखो लोक ऐकतील. मला वाटलं, ऐकू देत."

त्यांनी मोबाइल उचलला, बोटाने बराच वेळ काहीतरी शोधलं आणि माझ्यासमोर धरला. "ऐक, काय केलंय."

एका बाईचा गोड, घोटीव आवाज आला. कुठल्यातरी मालिकेतली नटी असावी. ती म्हणत होती, साळूची बोटं आता आपल्या आपण चालत होती. मागे बासरी होती.

"माझी साळू सिन्नरला विड्या वळते, रोजच्या हजार," वत्सलाबाई म्हणाल्या. "तंबाखूने तिचा घसा धरलाय. तिच्या घरात रॉकेल संपलंय. आणि ही बासरी." त्यांनी मोबाइल बंद केला. "वाईट नाही वाचत पोरगी. पण तिला घाई नाही कसलीच. साळूला घाई आहे."

मी सोलत राहिले. एवढा प्रवास करून मटार सोलायला आले होते असं वाटायला लागलं.

"तुझी आई कशी वाचायची?"

"माहीत नाही. मला कधी वाचून दाखवलं नाही तिने. माझं लग्न झाल्यावर आम्ही फोनवरच भेटायचो."

"मग तुला ऐकायचंय काय नक्की? गोष्ट?"

"गोष्ट नाही. ती कोथिंबिरीचा भाव सांगत असती तरी चाललं असतं. पण शिल्लक एवढंच आहे."

वत्सलाबाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग उठून आत गेल्या. मला वाटलं चहा करायला गेल्या. बाहेर आल्या तेव्हा पातळ बदललेलं होतं आणि हातात पर्स होती.

"चल."

"कुठे?"

"परवानगी मला देता येत नाही. पण तक्रार करता येते. माझ्या पुस्तकात कुणी शब्द बदललेत, गाळलेत, वाट लावलीय, असा संशय आला तर ते बघायचा हक्क लेखकाचा. तो विकला तरी विकला जात नाही. वकिलानेच सांगितलंय, बासरीच्या वेळी गेले होते त्याच्याकडे. बासरीचं काही झालं नाही, पण हे एक कळलं." चपला घालता घालता त्या म्हणाल्या, "आणि मला जिना उतरताना धरायला माणूस लागतं. ते माणूस कानांत बोळे घालून बसावं असं काही कायद्यात नाही."

अहिररावांनी वत्सलाबाईंचा आवाज ऐकला आणि उभे राहिले.

"बाई, तुम्ही स्वतः?"

"तक्रार आहे."

"कसली?"

"ऐकल्याशिवाय कशी सांगू?"

त्यांना हसू आलं, ते त्यांनी आवरलं. "बरोबर कोण आहे?"

"माझी काठी."

"ही काठी सकाळीही येऊन गेली," ते म्हणाले. बसले. कीबोर्डवर हात ठेवले आणि तसेच राहू दिले. "एकच प्रकरण. तपासणीपुरतं. मोबाइल त्या खणात ठेवा, दोघींचेही."

मी मोबाइल खणात ठेवले.

"कुठलं प्रकरण लावू?"

"तू सांग गं," वत्सलाबाई म्हणाल्या.

"शेवटचं," मी म्हटलं. शेवटचं म्हणजे तिच्या शेवटाच्या सगळ्यांत जवळचं, असा माझा हिशेब होता.

"पहिलं घ्या ना," अहिरराव म्हणाले. "पहिलं फार सुंदर झालंय. आमची मुलं परत परत लावतात."

"शेवटचंच द्या."

"शेवटचं त्यांचं नाही, ताई. तेराव्यापासून पुढचं सगळं सबनीसबाईंनी वाचलंय."

"का?"

त्यांनी कीबोर्ड जरा जवळ ओढला.

"मग बारावं द्या," मी म्हटलं.

त्यांनी मान खाली घातली. सकाळी अमेरिकेच्या पत्राची गोष्ट काढताना त्यांचा चेहरा असाच झाला होता. मग त्यांनी दोनचार कळा दाबल्या. संगणक पडद्यावरचं भराभर वाचत बडबडला आणि थांबला. आणि माझी आई बोलायला लागली.

"हजार विड्या. लेखिका, वत्सला खांबेटे. प्रकरण बारावे. वाचन, शालिनी भामरे. हे ध्वनिमुद्रण केवळ दृष्टिबाधित वाचकांसाठी आहे. दिनांक सतरा जानेवारी."

सतरा जानेवारी. माझ्या पोटात तेव्हा बाळ होतं. त्याआधीची माझी दोन गरोदरपणं अर्ध्यावर गेली होती, म्हणून या वेळी डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही असं सांगितलं होतं. माहेरी यायचा प्रश्नच नव्हता. आईच येणार होती, ती आली नाही. घराला गळती लागलीय, काम काढलंय, पुढच्या महिन्यात येते, असं म्हणत राहिली. पहिल्या बाळंतपणाला आई नाही, याचा मला राग आला होता. सासूबाईंनी सगळं केलं. एप्रिलमध्ये मुलगी झाली. तिला महिना झाल्यावर आईने सांगितलं, फुप्फुसात गाठ आहे, आत्ताच कळलं. मी बाळाला घेऊन आले तोपर्यंत ती गाठ आवाजाच्या नसेवर बसली होती. आई फक्त कुजबुजू शकत होती. पुढे तेही थांबलं. ऑगस्टमध्ये ती गेली.

पहिला परिच्छेद तिने ऑपरेटरच्या आवाजात वाचला. तो आवाज मला लहानपणापासून माहीत होता. डबा विसरला म्हणून एक्स्चेंजमध्ये गेलं की तो ऐकू यायचा. स्वच्छ, सपाट, कुणाचाच नसलेला. घरी ती तशी कधी बोलली नाही.

मग श्वास ऐकू आला. वाक्याच्या मध्येच. ती थांबली, पुन्हा सुरू झाली.

"साळूने पानं भिजवून फडक्यात गुंडाळली. आज पाचशेच झाल्या होत्या. सासू म्हणाली, उरलेल्या... उरलेल्या उद्या कर. साळू म्हणाली, उद्याच्या हजार वेगळ्या असतात."

उरलेल्या आणि उरलेल्या यांच्यामध्ये एक लांब, शिट्टीसारखा श्वास होता. पुढे तो प्रत्येक वाक्यात येत गेला. आणि जसजसा दम कमी पडत गेला, तसतसा तो ड्यूटीचा आवाज तिला पेलेनासा झाला. शब्द सैल झाले. सासूच्या तोंडची वाक्यं ती धुळ्याकडच्या हेलात म्हणायला लागली, आपल्या बहिणीशी बोलायची तशी. ती बोलत होती. माझी आई, स्वयंपाकघरातली, पदराला हात पुसणारी. फक्त तिला धाप लागली होती.

वत्सलाबाई डोळे मिटून बसल्या होत्या. प्रकरण संपलं. शेवटी आई कुणाला तरी म्हणाली, "झालं रे, बंद कर," आणि खट्ट आवाज आला.



"तक्रार आहे का?" अहिररावांनी हलक्या आवाजात विचारलं.

"नाही," वत्सलाबाई म्हणाल्या. "साळूला अशीच घाई होती."

मग अहिरराव माझ्या दिशेने वळले. "एरवी आम्ही श्वास काढून टाकतो. खोकला, चुकलेले शब्द, शेवटचं ते बंद कर, सगळं. याच्यात काढायला बसलो, तर वाक्यं एकमेकांवर आपटायला लागली. मग तसंच ठेवलं."

"जानेवारीत तिला माहीत होतं?"

"डिसेंबरपासून. तपासण्या झाल्या होत्या."

"आणि तुम्हाला?"

"सांगितलं नव्हतं त्यांनी. ऐकणाऱ्यांकडून कळलं. आमच्याकडे जसजसं ध्वनिमुद्रण होतं, तसतसं प्रकरण साइटवर जातं. दहावं गेलं आणि परभणीहून एका मुलाचा फोन आला. सर, भामरे मॅडमना बरं नाहीये का? मग पुसदहून आला. मग साक्रीच्या एका बाईंचा, त्या म्हणाल्या, त्यांना सांगा, दम खाऊन वाचा, आम्हाला कुठे जायचंय. मी शालिनीताईंना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी मला खरं काय ते सांगितलं."

परभणीचा मुलगा. पुसद. साक्री. मी रोज दुपारी तिच्याशी फोनवर बोलत होते. घसा बसलाय, ती म्हणायची, यंदा नाशिकला थंडी फार आहे.

"तेव्हाच त्यांनी मला विनंती केली," अहिरराव म्हणाले. "हे पुस्तक घरच्या कुणाच्या कानावर जाऊ देऊ नका. मुलगी अंथरुणावर आहे. तिला आवाजावरून कळलं तर उठून इकडे येईल आणि मग ते बाळही जाईल. माझ्या मते विनंती बाळंतपणापुरतीच होती. पण ती मागे घ्यायला त्या परत आल्या नाहीत. म्हणून सकाळी मला ठरवता येईना. कायद्याचं मी खोटं सांगितलं नाही. पण कायदा नसता तरी मी अडखळलो असतो."

"म्हणून तिने पुस्तक अर्ध्यावर सोडलं? कळेल म्हणून?"

"नाही, नाही. त्याची भीती त्यांना नव्हती, आमची साइट तुमच्यासाठी बंदच होती. बारावं झालं त्या दिवशी मी म्हटलं, ताई, आठच प्रकरणं राहिलीत, रोज दोन पानं वाचू, पुरं करू. त्या म्हणाल्या, अहिरराव, आता दिवसातून जेमतेम अर्धा तास आवाज चांगला लागतो. तो मला चार वाजता घरी लागतो."

वत्सलाबाईंनी माझा हात धरला. जिना अजून यायचा होता.

चार वाजता माझा फोन जायचा. बेंगळुरूच्या त्या पलंगावर, डाव्या कुशीवर पडून, उशीवर मोबाइल ठेवून मी बोलायचे. मळमळतं. झोप लागत नाही. बाळ आज हललं नाही, मग हललं. सासूबाई ताकात साखर घालतात. तू कधी येणार. ती काय बोलायची ते मी त्या खोलीत बसून आठवायला लागले. अजूनही आठवते.

सहा वर्षं संपली तेव्हा वत्सलाबाई हयात होत्या. करार त्यांनी पुढे चालवला नाही. अहिररावांना सही केलेलं पत्र पाठवलं आणि अहिररावांनी मला बाराही प्रकरणं पाठवली, रीतसर, पोच घेऊन. माझी मुलगी ती ऐकत मोठी झाली. तिला साळूची बरीच वाक्यं पाठ आहेत, आणि आजी म्हटलं की तिला धाप लागलेलीच आजी आठवते.

मी अधूनमधून ऐकते. साळू काय म्हणाली, सासू काय म्हणाली, पानं कशी भिजवली, सगळं त्यात आहे. चार वाजता ती जे बोलायची ते त्यात नाही. त्या अर्ध्या तासात बहुतेक मीच बोलत असे. दिवसभर गप्प बसून राखलेल्या त्या आवाजात ती मधून मधून फक्त म्हणायची, "हं." मग थोड्या वेळाने, "मग?" आणि शेवटी, "बरं, जेवून घे."